आठ मोटारींची बैलगाडी

आमच्या गावाला चारपदरी रस्ता झाला आणि त्या दिवसापासून गावाबाहेर पडणं अवघड झालं. मी थापा मारतो हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझं निम्मंच ऐकतात आणि त्यातलंही निम्मं चहाबरोबर सोडून देतात. पण ते पहिलं वाक्य घट्ट धरून ठेवा, कारण यात एक शब्द फुगवलेला नाही. फुगवलं ते गावानं, आणि त्याचंच हे सगळं रामायण.

आधीचा रस्ता कसा होता ते सांगतो. चाकणच्या कारखान्यांच्या मागच्या भिंतीपासून आमच्या वेशीपर्यंत रस्ता असा नव्हताच, खड्डेच एकमेकांचे हात धरून उभे होते. देवळासमोरच्या खड्ड्यात पावसाळ्यात एक म्हातारा गळ टाकून बसायचा. मासे मी पाहिले नाहीत, पण म्हातारा वर्षागणिक जाड होत गेला, तो काय हवा खाऊन? ओढ्याजवळच्या खड्ड्याला ग्रामपंचायतीनं घरपट्टी लावायचं चाललं होतं. तरी त्या रस्त्यावरून जायला कुणी अडवत नव्हतं. कंबर मोडायची, पण ती आपली आपण मोडून घ्यायचो, वर पावती फाडावी लागत नव्हती.

याच रस्त्यावरून माझी थोरली बहीण डबे घेऊन जायची. तिला मीच काय, अख्खं गाव अक्का म्हणतं. दाजी गेल्यावर ती माहेरी आली ती रडायला नाही, कणीक मळायला. कारखान्यांतली पोरं कुठून कुठून आलेली, लातूरची, परभणीची, बिहारची. एका खोलीत इतकी राहतात की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलावी लागते. त्यांना घरची पोळीभाजी लागते. अक्का ती करते, छोट्या टेम्पोत भरते आणि टेम्पो स्वतः चालवते. जेवणाच्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत डबा फाटकावर पाहिजे. घंटेनंतर आलेला डबा म्हणजे परत गेलेला डबा, आणि दोनदा परत गेला की पोरं कॅन्टीनवाल्याकडं वळली. तो टेम्पो वेळेवर आणि परवडेल अशा खर्चात फाटकावर पोचणं, एवढ्यावर आमचं घर उभं होतं. माझ्या पगारावर नव्हतं. माझा पगार मोटारसायकलच्या हप्त्याला रामराम करायला येतो आणि तिथूनच परत जातो.

एके दिवशी देवळापुढं मंडप पडला आणि एक साहेब आला. रस्ता बांधणाऱ्या खासगी कंपनीचा. शर्ट इतका पांढरा की कुत्री त्याच्यावर भुंकायचं सोडून लांब बसली. त्यानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. चित्रातल्या रस्त्याकडेला फुलझाडं होती आणि फुलझाडांशेजारून एक गोरी बाई कुत्रं घेऊन चालली होती. आमच्या गावात असली बाई आली असती तर तिच्या मागं निम्मं गाव आणि कुत्र्याच्या मागं उरलेलं गेलं असतं.

"शासनाकडे निधी मर्यादित आहे," साहेब म्हणाला. "म्हणून हे भागीदारीचं मॉडेल. जमीन शासनाची, थोडी मदत शासनाची, बाकी इन्व्हेस्टमेंट आमची."

"तुमची म्हंजी तुमच्या खिशातली?" मागून कुणीतरी विचारलं.

"बँकेकडून उभी करणार."

"मंग फेडणार कोन?"

"ती रस्त्यातूनच रिकव्हर होते. युजर देतो."

"युजर म्हंजी कोन वो?"

साहेब हसला. पंगतीत दुसऱ्याच्या ताटातलं श्रीखंड बघून काही माणसं हसतात, तसा. म्हणजे पैसे बँकेचे, जमीन सरकारची, चालणार आम्ही. साहेबाचं त्यात काय? शर्ट. त्याला भागीदारी म्हणतात.

पण या गोष्टीचा विचार करायला गाव शुद्धीवर नव्हतं, कारण साहेबानं पुढचं वाक्य टाकलं होतं. नदीपल्याडच्या गावाचाही रस्ता यादीत आहे, दोन्हींतला एकच होणार. ज्या रस्त्यावर वाहतूक जास्त तो. आठवडाभर दोन्हीकडं गाड्या मोजल्या जातील.

पल्याडच्या गावाशी आमचं वैर आहे. कशावरून, ते इकडं कुणाला सांगता येत नाही आणि तिकडं कुणाला आठवत नाही, पण वैर उत्तम स्थितीत आहे. त्यांच्या जत्रेत आमचे बैल जातात ते पळायला नाही, त्यांचे हरवायला. ते नाव ऐकलं आणि मंडपातली हवा तापली.

तेवढ्यात माझा चुलता उठला. सख्खा चुलता. सख्खा हा शब्द मी दातओठ खाऊन लिहितो आहे. सगळे त्याला तात्या म्हणतात. शर्यतीचे दोन बैल त्याच्या दावणीला, आणि त्या बैलांचा थाट असा की तात्याच्या सुनेला चहात दूध नाही पण बैलांना अंडी फोडून दूध. तात्यानं विचारलं, "सायेब, बैलगाडी मोजता का?"

"मोजतो ना काका. उलट बैलगाडी स्लो असते, जास्त जागा अडवते, त्यामुळे आमच्या हिशेबात एक बैलगाडी म्हणजे सहा-आठ कार धरतात."

साहेबानं हे सहज सांगितलं. कुणाला काय सांगतोय याचं त्याला भान नव्हतं. अख्ख्या तालुक्यात शर्यतीच्या बैलांचं सर्वांत मोठं वेड असलेल्या गावाला त्यानं सांगितलं की तुमचा एक बैलगाडा आठ मोटारींच्या बरोबरीचा आहे! तात्या खाली बसला तेव्हा त्याची छाती मंडपाच्या खांबाला लागत होती.

त्या रात्री नाही, तिथंच, साहेबाची गाडी वेशीबाहेर गेल्याबरोबर ठरलं. तात्या म्हणाला, "मोजनी न्हाई ही, शर्यत हाय. पल्याडचे मोटारी आनतील. आपन बैल आनू."

मोजणी सुरू झाली आणि गाव रस्त्यावर उतरलं. पत्र्याच्या शेडखाली दोन माणसं खुर्च्या टाकून बसली होती, त्यांच्यासमोरून आमचे गाडे जायचे, वडाला वळसा घालायचे आणि परत यायचे. चाकणच्या बाजारात विकायला आलेले बैल भाड्यानं आणले. बाजारातल्या व्यापाऱ्यांना वाटलं गावात कसला तरी यज्ञ आहे. एका नवरदेवाला बैलगाडीतून तीनदा वाजतगाजत नेलं. तिसऱ्या वेळी त्याच्यापुढं त्याचीच बायको नाचत होती, आठ वर्षांपूर्वी केलेली, कडेवर पोरगं घेऊन. ट्रॅक्टर फिरले, उसाच्या मोकळ्या गाड्या फिरल्या, एक जेसीबी तर स्वतःच्याच धुळीत दिशा चुकून पल्याडच्या गावात जाऊन मोजला गेला, त्याच्या मालकाशी अजून कुणी बोलत नाही. मीही रजा टाकून दोन बाऱ्या मारल्या. लाउडस्पीकरवर तात्या होता. शर्यतीच्या घाटावर बैल सुटले की जसं ओरडतात तसा, "आली आली आली... झाली, भिर्रर्र!" शेडमधली माणसं पहिल्या दिवशी मोजत होती, दुसऱ्या दिवसापासून पैजा लावत होती.

फक्त अक्कानं जादा फेरी मारली नाही. तात्या तिच्या टेम्पोला आडवा गेला, "पोरी, वडाला एक वळसा मार की. तुझी पन गाडी लागू दे गावाच्या कामी."

"तात्या, मी डबे पोचवती. मिरवत न्हाई," अक्का म्हणाली. "आनि गाड्या एवढ्या दाखवू नका. जो मोजतोय तो कायतरी मागायलाच मोजतोय."

"बाईमानसाला रस्त्यातलं काय कळतं!" तात्या म्हणाला. त्या दोघांत रोज त्या रस्त्यानं जाणारी ती एकटी. तात्या वर्षातून चारदा जायचा, तेही बैल पुढं घालून.

रस्ता आमच्या गावाला मिळाला. गुलाल उधळला. पल्याडच्या गावात त्या दिवशी चूल पेटली नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. वाहतूक इतकी प्रचंड निघाली होती की साधा रस्ता पुरणार नाही म्हणून चारपदरी मंजूर झाला. चारपदरी म्हणजे खर्च दुप्पट, कर्ज दुप्पट, आणि वसुलीही त्याच मापानं. रस्ता मात्र झाला, खोटं कशाला बोलू. इतका गुळगुळीत की वेशीवर ठेवलेलं लिंबू चाकणला जाऊन थांबावं. आणि गाव जिथं संपतं आणि कारखाने जिथं सुरू होतात त्याच्या बरोबर मध्ये टोलनाका उभा राहिला.

नाक्यावरचा फलक वाचायला सगळं गाव गेलं. दुचाकीला माफी. ट्रॅक्टरला माफी. स्थानिकांच्या मोटारींना पास. बैलगाडीचा तर फलकावर उल्लेखच नव्हता, तिच्याकडून टोल घ्यायचा कायदा अजून जन्माला यायचाय. ज्यांनी आकडे फुगवले ते सगळे फुकट. राहिलं कोण? मालवाहतूक करणारी वाहनं. आमच्या गावात त्यातलं रोज ये-जा करणारं एकच होतं. शिफ्टमागून शिफ्ट, जाताना एक पावती, येताना एक पावती.

पहिल्या आठवड्यात अक्कानं पावत्या फाडून घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात भाजीतलं तेल कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात तिनं कामाच्या दोन बायांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्या दिवशी मी तिच्याबरोबर नाक्यावर गेलो. साहेब काचेच्या खोलीत बसला होता. खोली थंडगार. बाहेर आम्ही भाजत होतो.

"सायेब, हे डबे हायेत," अक्का म्हणाली. "माल न्हाई. पोळ्या हायेत."

"ताई, गाडी कमर्शियल आहे ना? नंबर प्लेट पिवळी आहे. माझ्या हातात काही नाही."

"गावातल्या मोटारींना पास दिलाय की."

"ते प्रायव्हेट. करारात कॅटेगरी ठरलेली आहे." मग तो खुर्चीत मागं रेलला. "आणि खरं सांगू? आमचंच नुकसान चाललंय. तुमच्या गावची रोजची वाहतूक कागदावर काय दिसत होती आणि इथून जातं काय! ट्रॅफिक आम्ही नाही दाखवलं ताई. तुम्ही दाखवलं."

"मग बैलांकडून घ्या!" मी ओरडलो. "आठ-आठ मोटारींचे आहेत ना? बोलवा त्यांना, पावत्या फाडा, शिंगात अडकवा!"

"सर, आवाज कमी करा. सीसीटीव्ही आहे."

"मग नीट बघू दे त्याला! वीस वर्षं वसूल करणार आहेस ना तू? या खोलीत बसून? भावा, तुझा शर्ट उन्हात वाळत घातला तरी आमच्या रस्त्याची धूळ त्यातून निघेल!"

अक्कानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "वरडून झालं? आता ऐक. पानंद."

आता ही पाणंद सांगायला पाहिजे. आमच्या शिवारातून एक जुनी गाडीवाट होती, दोन्हीकडं बांध आणि मधून बैलगाडी जाईल एवढी. ती थेट कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला मिळायची, टोलनाक्याला वळसा घालून. होती म्हणतो, कारण ती तात्यानं खाल्ली. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना त्याचं रान. एका पावसाळ्यात इकडचा बांध हातभर सरकला, दुसऱ्या पावसाळ्यात तिकडचा, आणि असं करत करत मध्ये घासाचं हिरवंगार पीक उभं राहिलं, बैलांसाठी. दोन्ही तोंडांना तारा. माझ्या वडलांनी त्यावरून तहसीलदाराकडं धाव घेतली होती. तिथं तात्यानं देवाशपथ सांगितलं होतं की इथं वाट कधीच नव्हती, पूर्वीही नव्हती, हे माझ्या बापजाद्यांचं रान. माझ्या बापाचा बाप आणि त्याचा बाप एकच, हे तो त्या दिवशी विसरला. वडील त्या तारीख-पे-तारखेतच थकून गेले. तेव्हापासून आमच्या दोन घरांत लग्नाची पत्रिकाही कुरिअरनं जाते.

अक्का तात्याच्या दारात गेली. मी मागं, मुठी वळून. तात्या गोठ्यात बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. सख्ख्या नातवाच्या पाठीवरून फिरवला असता तर नातवाला धक्का बसला असता.

"तात्या, टेम्पोपुरती वाट द्या," अक्का म्हणाली. "दिवसभरातल्या चार फेऱ्या. घासाला धक्का लागनार न्हाई, चाकाएवढंच मोकळं करा."

"आली का वाटेवर!" तात्या खूश झाला. "बापाला जे जमलं न्हाई ते मागाया आली. देतो की. मी काय राक्षस हाय? पन सायेब सांगून गेला न्हाई का, भागीदारी. जागा माझी, गाडी तुझी."

"काय घेनार?"

"पैसं नगं मला. आपल्या घरात पैसं घ्याचं म्हंजी..." त्यानं कान पकडले. मला त्याचे कान उपटावेसे वाटले. "तू कनीक मळतीच हायेस. ह्या दोघांचं बी मळत जा. रोज. गव्हाची, तूप घालून, गूळ घालून. गोळे करून टेम्पोतनं इथं उतरवायचे, मग म्होरं जायाचं."

दोन शर्यतीचे बैल रोज कणीक किती खातात हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं माझ्यावर विश्वास ठेवू नये. एक अख्खं वऱ्हाड जेवून उठावं आणि वर परत बसावं, इतकी. आणि तूप! पोरांच्या भाजीतलं तेल कमी झालेलं आणि या दोन नवाबांना साजूक तूप.

"हो म्हनू नको," मी म्हणालो.

"हो," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून पाणंद चाकापुरती मोकळी झाली. तात्यानं तोंडाला आडवा बांबू टाकला, शेजारी खाट टाकली आणि टोपी सारखी करून बसला. कणकेचं पातेलं उतरलं की बांबू वर. तुपात हात आखडला की तात्या गोळा फोडून वास घ्यायचा. "आज वनस्पती घातलंय व्हय गं? बैल तोंड लावनार न्हाईत." बैल तोंड लावायचेच. बैल मेजवान्या झोडत होते, पोरांना डबे वेळेवर मिळत होते, अक्का पहाटे आणखी लवकर उठत होती आणि मी रोज तात्याचा नव्या पद्धतीनं मनातल्या मनात खून करत होतो. काही पद्धती फार सुंदर होत्या. पण टोलपेक्षा हे स्वस्त पडत होतं, आणि अक्का तेवढंच बघत होती.

वाट मोकळी दिसल्यावर ती एकटीची थोडीच राहते? बाहेरगावचा वीटभट्टीवाला आला, दुधाचा टेम्पो आला, खतवाला आला. तात्यानं सगळ्यांकडून सरकी, पेंड, अंडी घेतली. त्याचे बैल दरवाजात मावेनासे झाले. तिकडं नाक्यावर साहेबाच्या लक्षात आलं की आधीच कमी असलेली मालवाहतूक आता शून्यावर आली आहे.

एका सकाळी साहेब पाणंदीवर हजर. बरोबर तलाठी आणि एक खोदाईचं यंत्र. बातमी पसरली आणि गाव जमलं. अक्काचा टेम्पो डब्यांनी भरलेला, बांबूच्या अलीकडं उभा. घंटेला वेळ थोडा होता.

"आमच्या करारानुसार या पट्ट्यात दुसरा समांतर रस्ता तयार करता येत नाही," साहेब म्हणाला. "हा नवीन केलेला रस्ता आहे. तलाठीसाहेब, पंचनामा करा. आम्ही चर मारून बंद करतो."

तात्या खाटेवरून उडालाच. "नवा? कोन म्हनतं नवा?"

"काका, परवापर्यंत इथं गवत होतं."

"घास व्हता घास! वरनं घास, खाली वाट!" तात्याचा आवाज लाउडस्पीकरशिवाय पल्याडच्या गावात गेला असेल. दावणीला दोन तोंडं वाट बघत होती, आणि त्याला फक्त तेवढंच दिसत होतं. "ही गावाची पानंद हाय. माझ्या आज्ज्याच्या आज्ज्यापासनं हाय! गावनकाशात काढा, दोन तुटक रेघा हायेत का न्हाई बघा. सगळ्या गावाची वाट हाय ही, तू कोन रं बंद करनारा?"

एवढं बोलून तो दम घ्यायला थांबला. साहेबाला काही कळलं नव्हतं. गावाला सगळं कळलं होतं. माझ्या वडलांना ज्या एका वाक्यासाठी तालुक्याला चपला झिजवाव्या लागल्या, ते वाक्य तात्यानं यंत्रापुढं उभं राहून फुकट दिलं होतं.

अक्का टेम्पोतून खाली उतरली. "तलाठीसाहेब, लिहिलंत का? गावाची वाट. सगळ्या गावाची."

"म्हणजे... यांचा जबाब म्हणून?" तलाठ्यानं तात्याकडं पाहिलं.

"व्हय, लिहा की!" तात्या अजून साहेबाकडंच तोंड करून होता. "घ्या सही. भितो का काय!"

आणि त्यानं सही केली. फुगलेल्या छातीनं, झोकदार अक्षरात. सही झाल्यावर त्याची छाती हळूहळू खाली येताना मी पाहिली. ते दृश्य मला अजून कुणी पैसे घेऊन दाखवलं तरी मी पास काढून जाईन.

जुनी वाट निघाल्यावर करार आडवा येईना. साहेब यंत्र घेऊन परत गेला. जाताना त्याच्या शर्टाला घासाचे डाग पडले होते. तो अजून त्या काचेच्या खोलीत आहे, कर्ज अजून फिटतंय, आणि त्याची तूट सरकार भरून देतं असं ऐकतो, म्हणजे शेवटी आम्हीच. त्याचं वाटोळं होवो.

दुसऱ्या सकाळी अक्का निघाली. मी शेजारी बसलो होतो, हे चुकवणं शक्यच नव्हतं. पाणंदीच्या तोंडाशी बांबू तसाच आडवा होता. तात्या खाटेवर, हात पुढं करून.

"पातेलं?" तो म्हणाला.

अक्का उतरली. तिनं बांबू उचलला, दोन्ही हातांनी तोलला आणि टेम्पोत डब्यांच्या वर आडवा टाकला.

"अगं माझा बांबू हाय तो!"

"तालुक्याला अर्ज करा," अक्का म्हणाली, आणि तिनं पहिला गियर टाकला.